डाइने म्हणजे नेमकं कुठे?

गाडी लाल होती, असं मी म्हणणार होतो. पण आमची ही म्हणते, केशरी. मुलगी म्हणते, "बाबा, मरून होती हो!" आता काय सांगू तुम्हाला, ज्या गाडीने माझी चारचौघांत शोभा केली, तिचा रंगसुद्धा मला खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे पुढचं सगळं मला नीट आठवतंय की मी माझ्या सोयीने आठवतोय, हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आत मीच स्वतःला विचारलेला आहे. गाढवपणा मात्र लख्ख आठवतो. तो विसरू देतील अशी माणसं आमच्या घरात नाहीत.

आधी माझी ओळख. चौतीस वर्षं मी इंजिनीअरिंगच्या मुलांना नियंत्रणशास्त्र शिकवलं. म्हणजे एखादी यंत्रणा भरकटायला लागली की तिला ताळ्यावर कसं आणायचं, याचं शास्त्र. डॉक्टरेटही त्यातच. आणि हाच गृहस्थ घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघतो, कुलूप ओढून बघतो, लिफ्टपर्यंत जातो आणि परत येऊन कुलूप पुन्हा ओढतो. यंत्रांवर माझा पूर्ण विश्वास आहे. भानगड आहे ती फक्त स्वतःची.

तर झालं असं, की आमच्या मुक्ताने लग्न ठरवलं. ती इथेच कोलकात्यात, सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करते, तिथेच अनिर्बाण भेटला. मुलगा सोन्यासारखा. अडचण एकच, त्याचे वडील. सेनगुप्ताबाबू चहाच्या कंपनीतून निवृत्त झालेले. उभी हयात मळ्यांवर गेली, आणि आवाज असा, की तिथे हत्ती हाकलायला माणूस वेगळा ठेवावा लागत नसणार. या सेनगुप्ताबाबूंनी दोन महिने होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. नुसतं "देखते हैं, देखते हैं."

"पण काय देखते हैं?" मी मुक्ताला विचारलं.

"बाबा, रागावू नका हं. ते म्हणाले, मेयेर बाबा बोड्डो भीतू."

मुलीचे वडील फार भीतू. हा शब्द कळायला बंगाली यावं लागत नाही.

"मी? भित्रा? कशावरून?"

"पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलात तेव्हा लिफ्टची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारलंत," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि इलिश माशाचा एक तुकडा खायला पाऊण तास घेतलात. प्रत्येक काटा उजेडात धरून बघत होतात."

"काटेच इतके असतात त्यात!"

"तेच म्हणतेय मी."

मी मुक्ताला म्हटलं, तुम्ही दोघं सज्ञान आहात, रजिस्टर लग्न करून मोकळे व्हा. ती म्हणाली, "करू शकतो हो. पण अनिर्बाणला त्यांचं मनापासून हो हवंय. मलाही." आणि गप्प बसली. मुलगी भांडली की मी उत्तर देऊ शकतो. गप्प बसली की माझा इलाज चालत नाही.

अशात सेनगुप्ताबाबूंनी वयाच्या पासष्टाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घेतली! दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. तिच्यात बसणं म्हणजे चटईवर बसणं, आणि उठणं म्हणजे काय ते तुमच्या गुडघ्यांना विचारा. बालीगंजच्या त्यांच्या फ्लॅटवर आम्हाला जेवायला बोलावलं आणि हातात ताट यायच्या आत त्यांनी मला गाठलं.

"प्रोफेसर, ये स्टेबिलिटी कंट्रोल होता क्या है? शोरूमवाला बोला, गाड़ी फिसलेगा तो आपको कुछ नहीं करना, गाड़ी खुद सँभालेगा। तो हम क्या करेगा? हवा खाएगा?"

अहो, मला आयुष्यात इतका सोपा चेंडू कुणी टाकला नव्हता! मी खुर्चीत सरसावून बसलो. हिंदी, इंग्रजी आणि मोडकं बंगाली असं मिसळून मी जे सांगितलं, ते तुम्हाला मराठीत सांगतो.

गाडीत हेर बसवलेले असतात. एक स्टीअरिंगवर. तो सांगतो, मालकांना कुठे जायचंय. दुसरा गाडीच्या पोटात. तो सांगतो, गाडी खरोखर कुठे वळतेय. आणि चारही चाकांवर एकेक, चाक किती वेगाने फिरतंय ते सांगायला. कॉम्प्युटर पहिल्या दोघांच्या जबान्या सतत ताडून बघतो. जुळल्या तर तो गप्प. जुळल्या नाहीत, म्हणजे मालकांना वळायचंय आणि गाडी सरळच घसरतेय, की तो चारपैकी एकाच चाकाचा ब्रेक दाबतो. एकाच! आपण पेडल दाबलं तर चारही चाकांना ब्रेक लागतो. हे काम माणसाच्या पायाला जमणारं नाही.

"एक चाका रोकने से क्या होगा?"

मी समोरच्या शिसवी कपाटाकडे बोट दाखवलं. "समझिए, चार हमाल ये कपाट उठाके भाग रहे हैं। बाएँ तरफ का पीछेवाला हमाल पैर गाड़के खड़ा हो गया। कपाट किधर घूमेगा?"

"लेफ्ट," सेनगुप्ताबाबू म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "लेकिन ये मेरा शादी का कपाट है। इसको लेके कोई नहीं भागेगा।"

पण त्यांना पटलं होतं. डोळ्यांत दिसत होतं. गाडीचं नाक बाहेर जायला लागलं की आतल्या बाजूचं मागचं चाक रोखायचं. शेपूट बाहेर फेकली जायला लागली की बाहेरच्या बाजूचं पुढचं. मी ताटातल्या लुचीची, म्हणजे मैद्याच्या पुरीची, गाडी करून दोन्ही प्रकार दाखवले. मुक्ता माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मला वाटलं, जिंकलं!

तेवढ्यात सेनगुप्ताबाबू गरजले, "तो प्रोफेसर, रोबिबार को आइए! कंपनीवाला राजारहाट में मैदान लिया है, पानी डालके गाड़ी फिसलाएगा। आप चलाके दिखाइए!"

 मुक्ता ताटाकडे बघायला लागली. हिने माझा पाय दाबला. तो भीतू शब्द माझ्या कानात घुमत होता, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी स्वतः ऐकलं तेव्हाच मला कळलं.

"जरूर!"

लक्षात घ्या, मी आमची छोटी गाडी गडियाहाटच्या बाजारापर्यंत नेतो, तीही रविवारी सकाळी रस्ता रिकामा असेल तर. पण सिद्धांत पाठ होता. आठवडाभर मी शोधनिबंध वाचले, आकृत्या काढल्या, जेवणाच्या टेबलावर ताटलीचं स्टीअरिंग करून सराव केला. ही म्हणाली, "ताटली बरी चालवता."

रविवारी मैदानावर पोचलो. टँकरने साबणाचं पाणी टाकून एक पट्टा गुळगुळीत केलेला. दोन्ही बाजूंना रबरी शंकू, शेवटी एक निळं पिंप. पिंपाला उजवीकडून वळसा घालून परत यायचं, वेग चाळीसच्या वर नाही. डाव्या बाजूला लांबवर मांडव आणि त्यात नाश्ता: लुची, आलूर दोम आणि मातीच्या हंड्यांत मिष्टी दोई, म्हणजे गोड दही. तिथे आमची ही, मुक्ता आणि सेनगुप्ताबाईंसाठी खुर्च्या मांडलेल्या.

शिकवायला मौसुमीदी होत्या, पूर्वी रॅलीत गाडी चालवलेल्या. पन्नाशीच्या, शांत, केस बॉबकट. त्या माझ्या शेजारी बसल्या.

"पहले सिस्टम ऑन रखके देखेंगे, सर?"

"नहीं," मी म्हटलं. "पहले ऑफ, फिर ऑन. तुलना के बिना प्रयोग का क्या अर्थ?"

काय बोललो होतो मी! हे वाक्य मी प्रयोगशाळेत हजार वेळा मुलांना ऐकवलं असेल. घसरत्या गाडीचं चित्र असलेलं ते बटण मी दाबलं. समोर पिवळा दिवा लागला, खाली इंग्रजीत ऑफ. मौसुमीदींनी दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नुसत्या हसल्या.

"चलिए. सीधा, सीधा... नाउ राइट, सर."

मी उजवीकडे वळवलं. साबणाच्या पाण्यावर गाडीची शेपूट सर्रकन बाहेर गेली!  पण सांगतो तुम्हाला, मी डगमगलो नाही. शेपूट जिकडे जातेय तिकडेच स्टीअरिंग थोडं वळवायचं, घाबरून ब्रेक मारायचा नाही, हे मी मुलांना फळ्यावर शिकवलेलं होतं. तसंच केलं. पायाखाली काहीतरी घर्रर्र वाजलं, खडी असावी म्हटलं, आणि गाडी सरळ! पिंपाला सुंदर वळसा घालून मी परत आलो.

मांडवातून टाळ्या! सेनगुप्ताबाबू दोन्ही हात वर करून धावत आले. "सिस्टम बंद था? पूरा बंद?"

"बंद," मी दिव्याकडे बोट दाखवून म्हटलं. शक्य तितक्या सहजपणे.

"बाप रे बाप! अब मैं बैठेगा! मौसुमी, तुम उतरो!"

मौसुमीदी जरा थबकल्या, मग चाळीसच्या वर जाऊ नका असं बजावून उतरल्या. सेनगुप्ताबाबू कसेबसे घडी होऊन शेजारी बसले. मी बटण पुन्हा दाबलं, दिवा विझला. सिस्टम चालू. आता घाबरायचं कारणच काय? आता तर पाठीशी कॉम्प्युटर होता!

निघालो. साबणाचा पट्टा आला, पिंप जवळ आलं. आणि सेनगुप्ताबाबू उत्साहाच्या भरात इंग्रजी विसरले, हिंदी विसरले, आणि हत्ती हाकलायच्या आवाजात ओरडले,

"डाइने! डाइने!"

आता तुम्हीच सांगा, मराठी माणूस कुठे वळेल?

हिंदीत दाहिने, बंगालीत डाइने, म्हणजे उजवीकडे. शांतपणे चहा पिताना विचारलंत तर मी तुम्हाला या शब्दाचा संस्कृतपर्यंतचा प्रवास सांगेन. अडतीस वर्षं राहिलोय या शहरात! पण घाबरलेल्या मराठी मेंदूला 'ड' ऐकू आला की हात फक्त डावीकडेच जातो. मी पूर्ण आत्मविश्वासाने स्टीअरिंग डावीकडे फिरवलं.

गाडीचं नाक आधी सरळच घसरलं. खरं तर तसंच घसरत राहिलं असतं तर आम्ही पिंपाला हळूच टेकलो असतो आणि विषय संपला असता. पण सिस्टम चालू होती ना! तिने माझ्या हेराला विचारलं, मालकांना कुठे जायचंय? तो म्हणाला, डावीकडे. पोटातल्या हेराला विचारलं, आपण कुठे चाललोय? तो म्हणाला, सरळ. झालं! डावीकडच्या मागच्या हमालाने पाय रोवले आणि गाडी काय नेमकी वळली म्हणून सांगू! शंकू आडवे करत सरळ मांडवाच्या दिशेने.

"डाइने! आरे मोशाई, डाइने!"

"हो हो, डावीकडेच!" मी ओरडलो.

आता गंमत बघा. त्यांना 'डावीकडे'मधला 'डा' ऐकू आला आणि त्यांना वाटलं, प्रोफेसरला समजलं. ते क्षणभर निश्चिंत झाले. तो क्षण आम्हाला महागात पडला. मी आणखी डावीकडे वळवलं, गाडीने माझी आणखी आज्ञा पाळली, आणि मांडवाची झालर मोठी मोठी होत समोर आली.

"ब्रेक!!"

हा शब्द देवाच्या कृपेने तिन्ही भाषांत सारखा आहे. मी दोन्ही पायांनी पेडल दाबलं. गाडी घरघरत, पण अगदी सरळ थांबली. थांबता थांबता नाश्त्याच्या टेबलाला नाक लागलं. टेबल एवढंसं कललं, आणि मिष्टी दोईची सर्वांत मोठी हंडी दोन क्षण विचार करून टेबलावरून घरंगळली, गाडीच्या बॉनेटवर आली आणि तिथे फुटली.

कुणाला काही झालं नाही. मांडवात त्या बाजूला कुणी नव्हतंच. नंतर कळलं, मी निघालो आणि चाकं डावीकडे वळलेली दिसली, त्याच क्षणी आमच्या हिने एका हाताने सेनगुप्ताबाईंचा आणि दुसऱ्याने मुक्ताचा दंड धरून दोघींना दूर नेलं होतं. बाईंनी तिला विचारलं, तुम्हाला आधी कसं कळलं? तर ही म्हणाली, "अडतीस साल से इनके साथ रिक्शा में बैठती हूँ। रास्ता बताना हो तो मैं कहती हूँ, आप बोलिए मत, सिर्फ हाथ दिखाइए।"

सेनगुप्ताबाबू हळूच उतरले. मीही उतरलो.  बॉनेटवरून दही संथपणे खाली ओघळत होतं. मुक्ता धावत आली, आधी माझे हात चाचपले, मग नुसतं म्हणाली, "बाबा..." त्या एका शब्दात तिचं सगळं लग्न होतं. माझ्या डोळ्यांपुढे दोन महिने, मग चार महिने, मग वर्षभर "देखते हैं, देखते हैं" असं दिसायला लागलं.

सेनगुप्ताबाबूंनी बॉनेटवर बोट फिरवलं, तोंडात घातलं, चव घेतली. मग माझ्याकडे वळले.

"दोई भालो. लेकिन प्रोफेसर, आप बाएँ क्यों गया?"

"आपने ही तो बोला! डाइने!"

"डाइने माने राइट!"

"मराठी में डावीकडे माने लेफ्ट!"

"तो जब मैं बोला डाइने, और आप बोला डाभी... हम दोनों..."

"हाँ."

ते एवढंसं थांबले. मग हसायला लागले. असं हसले, असं हसले, की गाडीला टेकले आणि त्यांच्या पांढऱ्या कुर्त्याची पूर्ण पाठ दह्याने माखली. ते बघून सेनगुप्ताबाई हसल्या, मग मुक्ता, मग मौसुमीदीसुद्धा. मला हसू की रडू कळत नव्हतं, म्हणून मी शंकू गोळा करायला लागलो.

दुपारी बालीगंजला परतल्यावर सेनगुप्ताबाबूंनी मला बाल्कनीत नेलं. मी म्हटलं, आला नकार. मी माफीचं वाक्य मनात जुळवत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले,

"प्रोफेसर, मैं आपको भीतू समझता था। गलत था। दूसरा चक्कर छोड़िए, वो भाषा का दोष। पहला चक्कर! सिस्टम बंद, गाड़ी फिसला, और आप खुद सँभाल लिया। ऐसा ठंडा माथा जिसका बाप का है, वो लड़की हमारे घर आए तो हम क्या बोलेगा? बोलिए, तारीख कब की रखें?"

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.  डॉक्टरेट मिळाली तेव्हासुद्धा मला स्वतःबद्दल इतकं बरं वाटलं नव्हतं.

लग्न झालं. दोन्ही पद्धतींनी झालं. बंगाली बायकांचा उलूध्वनीही झाला आणि मंगलाष्टकंही. तिथेही सेनगुप्ताबाबूंनी येईल त्या पाहुण्याला धरून पहिल्या फेरीची गोष्ट सांगितली. दर खेपेला वेग वाढत होता. शेवटच्या पाहुण्यापर्यंत मी ताशी ऐंशीने, एका हाताने गाडी सावरली होती. मी प्रत्येक वेळी "छे छे, तसं काही नाही" म्हणालो. पण मनातून म्हणत होतो, तसंच आहे. पुढेही कुलूप ओढून बघताना, गॅस तपासताना, मी स्वतःला समजवायचो: अरे, तू तो माणूस आहेस, जो यंत्रणा बंद असताना डगमगला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. सेनगुप्ताबाबूंच्या गुडघ्यांनी शेवटी संप पुकारला, तेव्हा त्यांनी गाडी मुलाला आणि सुनेला दिली. गाडीबरोबर माहितीचं जाडजूड पुस्तकही आलं. ते आजवर कुणी उघडलेलं नव्हतं. मुक्ताने ते मला आणून दिलं. "बाबा, आमच्या घरात हे वाचणारे तुम्हीच."

मी पहिल्या पानापासून वाचलं. स्थिरता नियंत्रणाचं पान आल्यावर चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. बटण एकदा दाबल्यास, चाकं जागच्या जागी गरगरू नयेत म्हणून असलेली यंत्रणा तेवढी बंद होते आणि दिवा लागतो. स्थिरता नियंत्रण चालूच राहतं. ते बंद करायचं असेल तर बटण पाच सेकंद दाबून धरावं. आणि खाली बारीक अक्षरात: यंत्रणा काम करत असताना पायाखालून घरघर ऐकू येऊ शकते.

मी ते पान चारदा वाचलं. माझा माझ्यावरच विश्वास नाही, तर पुस्तकावर कसा ठेवणार? शेवटी सेनगुप्ताबाबूंकडून नंबर मिळवून मौसुमीदींना फोन केला. कशासाठी हवाय, ते त्यांना सांगितलं नाही. मौसुमीदींना मी लगेच आठवलो, आणि मला काय विचारायचंय तेही त्यांनी ओळखलं.

"सर, आपने बटन डोरबेल की तरह दबाया था," त्या म्हणाल्या. "एक बार, टिंग. पाँच सेकंड पकड़ते, तो मैं उसी वक़्त गाड़ी से उतर जाती."

म्हणजे ज्या फेरीच्या जोरावर माझ्या मुलीचं लग्न ठरलं, ती गाडीने मारली होती. माझी स्वतःची अशी फक्त दुसरी.